जामीन कोण राहणार?

रावेर-यावलकडे पावसाळा अंगात आला की केळीवाल्यांची झोप हलकी होते. वारा, करपा, पडलेले भाव हे जुनेच. अलीकडच्या वर्षांत त्यात हरण्या नावाच्या रोगाची भर पडली आहे. कोवळ्या पानावर पिवळसर पट्टे दिसू लागले की मुरलेला शेतकरी बांधावर उभा राहूनच सांगतो. पुस्तकात त्याला कुकुंबर मोझॅक विषाणू म्हणतात, कृषी खात्याच्या कागदावर सीएमव्ही. मावा ही बारीक कीड तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. रोग लागलेल्या झाडाला औषध नाही. झाड मुळासकट उपटायचं, बागेबाहेर नेऊन नष्ट करायचं, मावा आवरायचा, तण काढायचं, एवढंच हातात उरतं. आणि ते लवकर करावं लागतं.

माझ्या नणंदेचा मुलगा वडील गेल्यावर पुण्यातली नोकरी सोडून बाग बघायला आला. हुशार आहे, कष्टाळू आहे, हिशेबाला चोख. त्याने पानाचा फोटो काढून मोबाइलमधल्या चॅटबॉटला दाखवला. उत्तर आलं की जस्त आणि लोह कमी पडतंय, अमुक प्रमाणात फवारणी करा, आठवडाभर लक्ष ठेवा. उत्तर वेडगळ नव्हतं, हे मुद्दाम सांगते. लोह कमी पडलं तरी कोवळं पान शिरांच्या मधे पिवळं पडतं. त्याने फवारणी केली, लक्षही ठेवलं. शेजारच्या मळ्यातले काका सहज डोकावले तोवर रोग पुढच्या ओळींमध्ये गेला होता. "मामी, उत्तर इतकं व्यवस्थित होतं," तो नंतर मला म्हणाला, "की शंका घ्यायला जागाच नव्हती."

चुकीचा सल्ला खानदेशात मोबाइल आल्यावर सुरू झालेला नाही. कृषी केंद्रवाला जी बाटली संपवायची आहे ती पुढे सरकवतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण औषध लागू पडलं नाही तर शेतकरी दुसऱ्या दिवशी त्याच्याच काउंटरसमोर जाऊन उभा राहतो, चार लोकांसमोर बोलतो, उधारी अडवतो. दुकानदाराला त्याच गावात, त्याच बाजारपेठेत राहायचं असतं. त्याच्या सल्ल्याला त्याचं दुकान जामीन असतं. शेजारच्या काकांच्या शब्दाला त्यांची स्वतःची बाग जामीन असते. मोबाइलमधल्या उत्तरामागे तसं कोण उभं आहे, हे मला शोधूनही सापडत नाही.

आणखी एक फरक आहे, तो मला जास्त भीतीदायक वाटतो. पूर्वी दहा गावांत दहा जण दहा प्रकारे चुकायचे. एकाने फवारलं, एकाने उपटलं, एकाने काहीच केलं नाही. पुढच्या हंगामात पारावर तुलना व्हायची आणि गाव शहाणं व्हायचं. आता दहा गावांतली दहा पोरं एकाच यंत्राला विचारतात आणि एकच चूक एकाच आठवड्यात दहा गावांत होते. तुलना करायला वेगळं वागलेलं कुणी उरतच नाही.

हे यंत्र चालतं कसं, ते थोडक्यात सांगायला हवं, कारण बराचसा घोटाळा तिथेच आहे. बहुतेकांना वाटतं की आत कुठेतरी माहितीचं मोठं कपाट आहे आणि प्रश्न विचारला की यंत्र त्यातली फाइल काढून वाचतं. तसं नसतं. अफाट मजकूर वाचून, कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता किती, याचा अंदाज ते शिकलेलं असतं. काही सेवा आता इंटरनेटवर शोधही घेतात, पण शेवटी वाक्य जुळतं ते याच अंदाजाने. खरं वाक्य आणि खोटं वाक्य एकाच कारखान्यातून, एकाच सफाईने बाहेर पडतं. माणूस अडखळतो, डोकं खाजवतो, "बघून सांगतो" म्हणतो. त्यावरून आपण त्याच्या शब्दाचं वजन ठरवतो. इथे ती सोय नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या संशोधकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये याची जी कारणमीमांसा मांडली ती मला शिक्षिका म्हणून लगेच पटली. या यंत्रांच्या बहुतेक चाचण्यांमध्ये "माहीत नाही" या उत्तराला शून्य गुण असतात आणि ठोकून दिलेलं उत्तर बरोबर निघालं तर पूर्ण गुण. परीक्षेला जाणाऱ्या पोराला आम्ही वर्षानुवर्षं काय सांगत आलो? कोरं सोडू नकोस, काहीतरी लिहून ये.

मराठीसाठी हे आणखी अवघड आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी सांगणारे आठ कोटींहून जास्त होते, पण ज्या इंटरनेटवरून ही यंत्रं शिकतात त्यात मराठी मजकूर शंभरात एक टक्काही भरत नाही. अहिराणीचं तर बोलायलाच नको. तिचं धन ओव्यांत, गप्पांत आणि लग्नाच्या गाण्यांत आहे. वेबसाइटवर ते कितीसं असणार? तरीही यंत्राला अहिराणीत बोल म्हटलं तर ते नाही म्हणत नाही. साक्रीची, मालेगावची आणि कुठलीच नसलेली बोली एकत्र कालवून आत्मविश्वासाने बोलतं. माझ्या सासूबाईंना ऐकवलं. त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, हा कोणत्या गावचा जावई.

माझा एक जुना विद्यार्थी अमळनेरला तहसील कचेरीजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. संध्याकाळी भाजी घेऊन येताना मी तिथे टेकते. तिथे बसलं की राज्याचा कारभार कागदाच्या बाजूने दिसतो. पूर्वी अर्ज हाताने लिहिले जायचे. विषय वेडावाकडा, व्याकरण देवाच्या भरवशावर, पण मागणी कळायची. आता लोक घरूनच मोबाइलवर अर्ज तयार करून आणतात आणि फक्त प्रिंट मागतात. भाषा अशी की मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्यानेही मान डोलवावी. आणि मधोमध, ठळक अक्षरांत, शासन निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक.

तो क्रमांक बऱ्याचदा नसतोच. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी एक ओळ असते, की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो लांबलचक आकडा टाकला की कागद उघडतो. माझा विद्यार्थी आता प्रिंट काढण्याआधी शोधून बघतो. विभागाचं नाव बरोबर, क्रमांकाची ठेवण बरोबर, मधल्या तिरप्या रेषासुद्धा बरोबर, पण त्या तारखेला असा निर्णयच निघालेला नाही. एका म्हातारबाबांचा अर्ज असाच आला होता, फेरफार नोंदीच्या तक्रारीचा. तक्रार शंभर टक्के खरी होती. पण खोट्या क्रमांकाचा कागद टेबलावर गेला की कारकुनाला हवंच असतं काहीतरी. असा निर्णय अस्तित्वात नाही, सबब अर्ज निकाली. खरी तक्रार खोट्या दाखल्याखाली गाडली जाते.

हे गरिबांचं किंवा कमी शिकलेल्यांचं दुखणं आहे असं कुणी म्हणू नये. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे दाखले म्हणून जोडले. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड केला. त्यातला सगळ्यात बोलका भाग दंडाचा नाही. वकिलाला मधेच शंका आली होती, आणि त्याने यंत्रालाच विचारलं होतं की हे निवाडे खरे आहेत ना. यंत्र हो म्हणालं, कायद्याच्या नामांकित डेटाबेसमध्ये मिळतील असंही म्हणालं. चोरालाच जामीन ठेवण्याचा प्रकार. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर खात्याचा एक कर-निर्धारण आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राने दिलेले निकाल आंधळेपणाने घेऊ नयेत, आधी तपासावेत, असं न्यायालयाने बजावलं. म्हणजे अर्ज करणाऱ्या म्हातारबाबांच्या बाजूलाही तेच यंत्र आणि टेबलापलीकडेही तेच. उद्या दोन्ही बाजूंचे कागद यंत्राने लिहिले, यंत्रानेच त्यांचा सारांश काढला, तर त्या फाइलमध्ये माणसाचं म्हणून काय उरेल? तक्रार तेवढी.

लोक विश्वास का ठेवतात, याचं सगळ्यात नेमकं उत्तर मला त्याच दुकानात मिळालं. कापसाच्या विम्याचं काही विचारायला आलेले एक आप्पा होते. मी म्हटलं, आप्पा, मोबाइल सांगतो ते एकदा कृषी कार्यालयात विचारून घ्या. आप्पा अहिराणीत म्हणाले, "बाई, दुकानवाला कमिशन खास, एजंट बी खास. या मोबाईलले मन्हासंगे काय लेनंदेनं शे? तो खोटं कसाले बोली?" खास म्हणजे खातो.

यावर मला पटकन बोलता आलं नाही, कारण आप्पांचा हिशेब अनुभवाचा आहे. आयुष्यभर ज्यांनी ज्यांनी त्यांना सल्ला दिला त्यांच्या प्रत्येकाच्या खिशात त्या सल्ल्याचा काही ना काही हिस्सा होता. पहिल्यांदाच कुणीतरी असं भेटलंय जे रात्री अकरालाही वैतागत नाही, "उद्या या" म्हणत नाही, कपडे बघून आवाज बदलत नाही. शहरातले लोक चॅटबॉटच्या चुकांवर लेख लिहितात तेव्हा ही बाजू त्यांच्या लक्षात येत नाही. आप्पा भोळे म्हणून विश्वास ठेवत नाहीत. माणसांनी त्यांचा विश्वास आधीच संपवलेला आहे. कचेरीत साधं बसायला सांगितलं असतं, तरी हा प्रश्न निम्मा झाला असता.

पण ज्याला आपल्याशी देणंघेणं नाही, त्याला आपल्या नुकसानाशीही देणंघेणं नसतं. आणि यंत्राला काहीच नको असतं, हेही पूर्ण खरं नाही. माणसांनी दोन उत्तरांपैकी कोणतं आवडलं ते सांगायचं आणि त्यावरून यंत्राने वळण घ्यायचं, अशी त्याची तालीम होते. त्यामुळे समोरच्याला बरं वाटेल असं बोलण्याकडे त्याचा कल राहतो. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला आपल्या जीपीटी-४ओ या मॉडेलची एक सुधारणा काही दिवसांतच मागे घ्यावी लागली, कारण ते भलतंच लाळघोटं झालं होतं, कशालाही वा-वा म्हणत होतं. कंपनीने तसं जाहीर मान्य केलं. मागे घेतलेलं ते उघडउघड लाळघोटेपण होतं. जे थोडं, सभ्य आणि रोजचं असतं, ते कोण मोजणार?

ते कसं दिसतं, हे पाटणादेवीवरून सांगते. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखाचा आम्हा खानदेशवाल्यांना मोठा अभिमान. शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या आसपासचा हा लेख. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, असं त्यात कोरलेलं आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात विद्वानांपुढे आणला. मात्र भास्कराचार्य स्वतः कुठले, हा वाद आहे. ते स्वतः आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड असं सांगतात. कुणी ते पाटणजवळ मानतं, कुणी कर्नाटकात विजापूरकडे. मी यंत्राला मराठीत, चाळीसगावचा उल्लेख करून विचारलं, तर भास्कराचार्य नि:शंकपणे पाटणचे झाले. इंग्रजीत साधा प्रश्न टाकला तर विजापूरचे. दोन्ही वेळा एका ओळीत, पूर्णविरामासह. वाद आहे, पुरावे दोन्हीकडे बोट दाखवतात, हे मी खोदून विचारल्यावरच बाहेर आलं. मला पाटणचं उत्तर ऐकून बरं वाटलं होतं, हे मुद्दाम नोंदवते. विजापूरच्या माझ्यासारख्याच एखाद्या बाईंना तिकडे तसंच बरं वाटत असणार. दोघींना आपापलं उत्तर मिळालं, आणि आम्ही समोरासमोर येऊन भांडण्याची, म्हणजे काही शिकण्याची, शक्यता संपली. प्रांताप्रांतांत आधीच कमी वैर नाही. त्यात प्रत्येकाच्या खिशात त्याचा त्याचा भाट.

अशा वेळी मला धुळ्याच्या राजवाड्यांची आठवण येते. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेले. त्यांचा कागदांचा संग्रह तिथल्या राजवाडे संशोधन मंडळाने सांभाळला. या माणसाने गावोगाव पायपीट करून दप्तरं धुंडाळली, वाळवी लागलेले कागदांचे रुमाल सोडवले, १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले. त्यांचा आग्रह असा की मागाहून लिहिलेली बखर कितीही रसाळ असली तरी त्या काळातल्या अस्सल कागदापुढे तिची किंमत कमी. बखर वाचायला गोड, कारण तिच्यात फटी नसतात. अस्सल पत्र फाटकं असतं, तारीख अर्धवट, मोडी अक्षर लागता लागत नाही, पण ते कुणी, कुणाला, कधी लिहिलं हे विचारता येतं. यंत्राची उत्तरं मला या अर्थाने बखरी वाटतात, फक्त बखरकाराचं नावसुद्धा नसलेल्या. आणि राजवाडे काही देव नव्हते. शब्दांच्या व्युत्पत्ती लावताना त्यांनी मारलेल्या भराऱ्या पुढच्या अभ्यासकांनी बिनदिक्कत खोडल्या. खोडता आल्या, कारण खाली राजवाड्यांचं नाव होतं आणि पुरावा समोर ठेवलेला होता.

आता उलटा धोका सुरू झालाय. आमच्या भागातल्या मंदिरांवर, किल्ल्यांवर, फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांवर यंत्राने लिहिलेले लेख इंटरनेटवर चढताहेत. पुढची यंत्रं तेच वाचून शिकणार. स्वतःचंच उष्टं खाऊन मॉडेल पिढीगणिक कसं बिघडत जातं आणि आधी दुर्मीळ गोष्टी कशा विसरतं, यावर जुलै २०२४ मध्ये नेचर या नियतकालिकात निबंध आला होता. दुर्मीळ गोष्टी म्हणजे कोणत्या, हे खानदेशात बसून ओळखायला फार विचार करावा लागत नाही.

वर्गातल्या निबंधांबद्दल लिहीत नाही. प्रत्येक निबंधात आई "महत्त्वाची भूमिका बजावते", आणि तपासणारी मीही आता दमले आहे.

त्यापेक्षा सातपुड्याचं बोलू. सरकारं हे तंत्रज्ञान शेतकऱ्याच्या हातात देत आहेत. पीएम-किसानसाठी किसान ई-मित्र हा चॅटबॉट २०२३ मध्ये आला, राज्याचं महाविस्तार ॲप २०२५ मध्ये. उद्देशावर माझा आक्षेप नाही. चांगली, तपासलेली माहिती आप्पांच्या भाषेत मिळत असेल तर हवीच आहे. माझी धास्ती निराळी. धडगाव-अक्कलकुव्याकडे एखादी जागा रिकामी असते, डॉक्टरची, ग्रामसेवकाची, कृषी सहायकाची, तेव्हा निदान ती रिकामी दिसते. लोक मोर्चा काढतात, आमदार प्रश्न विचारतो. तिथे ॲप बसवलं की ती रिकामी दिसायची बंद होते. मग पुण्याच्या माणसाला डॉक्टर आणि धडगावच्या पावरी बोलणाऱ्या बाईला मोबाइल, अशी वाटणी हळूच होईल, आणि वर तिलाच आधुनिक झाल्याबद्दल शाबासकी. जिथे चूक झाल्यावर भांडायची ताकद सगळ्यात कमी, तिथेच ज्याच्याशी भांडता येत नाही असा सल्लागार.

भांडता येत नाही, हे मात्र आपण गृहीत धरायचं कारण नाही. कॅनडात आजी वारली म्हणून तिकीट काढणाऱ्या एका प्रवाशाला एअर कॅनडाच्या चॅटबॉटने सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. कंपनीने बचाव काय करावा? चॅटबॉट ही स्वतंत्र बाब आहे, तिच्या बोलण्याला तीच जबाबदार. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो उडवून लावला. तुमच्या संकेतस्थळावर बोललं गेलंय, तुम्हीच भरा. रक्कम किरकोळ होती, पण जामीन कोण हा प्रश्न तिथे एका प्रवाशाने सोडवून घेतला.

आपल्याकडे त्यासाठी नवा शोध लावायला नको. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. त्यात उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं, माहिती नाकारली तर कारण द्यावं लागतं, अपील किती दिवसांत आणि कुणाकडे करायचं तेही कळवावं लागतं. उत्तराखाली जन माहिती अधिकाऱ्याची सही असते. सरकारी चॅटबॉटच्या प्रत्येक उत्तराला एवढंच जोडा. नोंद क्रमांक, उत्तर ज्या कागदावर आधारलं त्याचा संकेतांक, आणि चुकीचं निघालं तर कोणत्या अधिकाऱ्याकडे जायचं त्याचं पद. यंत्राला कागद सापडला नाही तर तसं लिहून ते गप्प बसेल. खासगी कंपन्यांचं पुढे बघता येईल. सरकारने निदान आपल्या तोंडून निघालेल्या शब्दाला जामीन राहावं.

माझ्या विद्यार्थ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बाई, तुम्ही लेख लिहाल. अर्ज कोण करणार?" मग आम्ही दोघांनी मिळून तालुक्याच्या कार्यालयात माहितीचा अर्ज टाकला. शेतकऱ्याला ॲपवर दिलेल्या उत्तरांची नोंद कुठे ठेवली जाते, आणि सल्ला चुकल्यास जबाबदार अधिकारी कोण. हाताने लिहिला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलं. आवक-जावकच्या बाईंनी तो दोनदा वाचला, पोच दिली आणि हा नेमका कोणत्या टेबलाकडे पाठवायचा म्हणून शेजारी विचारायला गेल्या. तीस दिवस अजून भरायचे आहेत.